लोड नसताना

दर दुसऱ्या शनिवारी साडेदहाला मी ते तापवायला घेते.
ब्लोलँपची ज्योत डोक्यातल्या बल्बवर, बारा मिनिटं.
लोखंड रंग बदलत जातं: राखेचा, मग वांग्याचा,
मग आमसुलाचा काळपट लाल.
आमसुलापाशी थांबायचं.
हे मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअलच नाही.

शेड नंबर चार, रबाळे एमआयडीसी.
आधी इथं रंगाचा कारखाना होता;
ओलं फडकं मारलं की फरशीच्या भेगांतून
अजून निळं पाणी येतं.

इंजिनाची पाटी कुणीतरी उचकटून नेलीय.
चार रिव्हेट, मधे गुळगुळीत चौकोन.
शाळेची मुलं विचारतात, नाव काय याचं?
मी सांगते, एक सिलिंडर, आडवं, रॉकेलवर, सहा घोडे.
ती घोडे शोधत फ्लायव्हीलभोवती फिरतात.

पिस्टनच्या रिंगा वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्यानं केल्या.
एरवी तो लिफ्टचे सुटे भाग करतो.
जुन्या रिंगचा तुकडा त्यानं नखानं वाजवून बघितला
आणि पैसे सांगायच्या आधी चहा सांगितला.

चाक उलटं ढकलायचं, दाबापर्यंत नेऊन सोडायचं.
ते रागावल्यासारखं परत फिरतं,
आणि ठुक्.
मग फस्, फस्, फस्, फस्, फस्.
मग ठुक्.

लोड नसला की ते ठोके गाळतं.
वेग पुरेसा आहे, तेल कशाला, असा गव्हर्नरचा हिशोब.
लोक मोबाइल धरून पुढच्या ठोक्यासाठी उभे राहतात
आणि तो आला की दचकतात.
वीस मिनिटं, मग बंद.
समोरच्या टॉवरच्या सेक्रेटरींचं पत्र आहे धुराबद्दल,
नम्र, दोन प्रतींत.

धाऊ मढवी दोनदा आले, बाकावर बसले, गेले.
तिसऱ्या वेळी दोरी ओलांडून
तेलाच्या पेल्याचा स्क्रू त्यांनी पाव आटा फिरवला.
मिनिटाला अठरा थेंब पडत होते. बारा झाले.
गोठिवलीच्या भातगिरणीत सव्वीस वर्षं
ह्याच इंजिनाशी उभे होते, हे तेव्हा कळलं.
"उपाशी हाय तां," म्हणाले. "काम दे त्याला गो."

हलर होतं. भिंतीशी, वेगळ्या चौथऱ्यावर,
'भात सडण्याचे यंत्र' या पाटीखाली.
समितीला मी 'प्रात्यक्षिक' असं लिहून दिलं.
समितीनं विचारलं, कोंडा कुठे जाणार?
पट्टा जांभळी नाक्याजवळ मिळाला, राळही.
भात मात्र पेणहून आलं, धाऊंच्या लेकीच्या सासरहून, दोन गोणी.
इथं कुठलं भात?
इथली खाचरं साडेबारा टक्क्यांत मोजून झाली.

पट्टा चढवला. धाऊंनी पहिली पाटी ओतली
आणि इंजिन वाकलं.
म्हणजे लोखंड कसलं वाकतंय, आवाज वाकला,
गळ्यातून पोटात उतरला,
ठुक् ठुक् ठुक् ठुक् ठुक्
एकही गाळला नाही.
चार वर्षं मी हे चालवतेय
असं मला वाटत होतं.

तूस उडालं. काचेच्या कपाटांवर, जुन्या भोंग्यावर,
हजेरीच्या घड्याळावर, 'हात लावू नये'वर.
मुलं खोकली, आणि कुणीच बाहेर गेलं नाही.
टॉवरच्या खिडक्यांकडे मी बघितलं नाही.

धाऊंनी ओंजळीत तांदूळ घेतला, फुंकला,
एक दाणा उरलेल्या दाढेखाली धरला.
मी तोंडाकडे बघत राहिले,
डोळे वगैरे भरतील म्हणून.
"कणी लय परतंय," ते म्हणाले. "पट्टी ढिली कर."

बावीस मिनिटं होऊन गेली होती.
मी चौदाचा पाना शोधायला लागले.